एकाच जोडीचे सहा सारस

भाऊ, तुम्ही भरोसा कोणावर ठेवाल, दुर्बिणीवर की मासे धरणाऱ्या ढिवरावर? जवाहरनगरचे एक दुर्बीणवाले साहेब अन् मी फटफटीवरून सारस मोजायला निघालो होतो. तीन तलाव पाहिले, तिन्हींवर एकेक जोडी दिसली. एवढे दुर्मिळ पाखरू, साहेबांना मासिकात कळवायचे होते. त्यांनी वहीत सहा लिहिले.

तिसऱ्या तलावावर जाळे टाकणाऱ्या म्हाताऱ्या ढिवराने विचारले, "त्यातला एक लंगडत होता का जी?"

मी हुशारीने म्हणालो, "तिन्ही जोड्यांत एक लंगडाच होता. जातच तशी असेल!"

"शेठ, जोडी एकच हाय. तुमच्या फटफटीले भेऊन पुढच्या तलावावर उडून राहिली ना!"

साहेबांचे तोंड उतरले, पण त्यांनी सहा खोडून दोन लिहिले. उद्या तुम्ही मोजायला जाल तेव्हा तेवढा हिशेब खरा ठेवा, बाबा.