दोन कागद

(ग्रीसच्या डोंगरातलं पेट्रोहोरी गाव. दुपार. अंगणात असीमो उकडलेले गहू फडक्यावर पसरते आहे. कमरेला पिस्तूल लावलेला तिचा धाकटा भाऊ झीसिस दारात उभा.)

असीमो : तिथूनच बोल. आधी सांग, जिवंत आहेस की नाहीस?

झीसिस : ताई, पायांची धूळ बघ. भुताला धूळ लागते का?

असीमो : बाबा गेल्यावरही गिरणीतल्या पिठाने पांढरे होऊनच स्वप्नात यायचे. लढाईत पडलास, असा सांगावा आला होता. आज चाळिसावा दिवस. पाद्रीबाबा प्रार्थनेत वाचतात त्या मेलेल्यांच्या कागदावर तुझं नाव चढवलं मी. हे चाळिसाव्याचे गहूसुद्धा तुझ्याच नावाचे, मेल्या!

झीसिस : मग दे की मूठभर. डाळिंबाचे दाणे घातलेस?

असीमो : घातलेत, बदामही. खा. स्वतःच्या चाळिसाव्याचं खाणारा तूच पहिला.

झीसिस : आज वरच्या कड्यावरून गाव पाहिलं, ताई. धुक्यात छपरं तरंगत होती. आपल्या गिरणीचं चाक फिरत होतं, पण आवाज नव्हता. वाटलं, गाव झोपलंय आणि मी त्याच्या स्वप्नात उभा आहे.

असीमो : आणि जागं कोण करणार त्याला?

झीसिस : तुर्की पाशाची फौज. उद्या पहाटे. ते चार हजार, आम्ही साठ. गावाखालच्या पुलावर दिवसभर तरी थोपवून धरतो. तू आजच बायका, पोरं, मेंढरं घेऊन खिंडीपलीकडे हो.

असीमो : वा रे कप्तान! गाव राखायचं म्हणून लग्न केलं नाहीस, डोंगरात केस पिकवलेस. आता म्हणतोस गाव सोडा?

झीसिस : घरं पुन्हा बांधता येतात गं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तू हलली नसतीस. आणि तू नाही हललीस तर कुणीच हलणार नाही.

असीमो : तू येशील ना मागून?

झीसिस : गहू गोड झालेत.

असीमो : झीसिस!

झीसिस : काय सांगू, ताई?

असीमो : बरं. पोरांना वाटेत होतील, बांधून घेते. निघताना पाद्रीबाबा दोन्ही कागद वाचतील, जिवंतांचा आणि मेलेल्यांचा. तुझं नाव कुठे घालू?

झीसिस : आहे तिथेच राहू दे. पुन्हा रडायला नको.

असीमो : ते केव्हाच खोडलं. तू दारात दिसलास तेव्हाच.

झीसिस : मग जिवंतांत लिही.

असीमो : आणि उद्या खोटं ठरलं तर? देवापुढे खोटं नाही बोलणार मी. जिवंतांच्या कागदावर एक ओळ रिकामी सोडते. खिंडीपलीकडे ये आणि तुझ्या हाताने लिही.

झीसिस : मला कुठे लिहिता येतं?

असीमो : नुसती रेघ ओढ. मी ओळखीन.