बायकोची शीट

बसा, पण त्या खुर्चीवर नका बसू, ह्या बाजेवर बसा, राग नका मानू, त्या खुर्चीची गोष्ट हाय, येईल पुढं. तर तुम्ही म्हणता सुरुवातीपासून सांगा. गाव फुलंब्रीच्या अलीकडं, आठ-दहा घरांची वस्ती, बापाची थोडी कोरडवाहू जमीन, आम्ही तिघं भाऊ, म्या सगळ्यात धाकटा. शाळेत मला दोनच गोष्टी यायच्या, मोठ्यानं बोलणं आन् खोटं बोलणं, मास्तर म्हणायचे रंगनाथ, तुझं काय व्हणार रे. आता मास्तर असते तर सांगितलं असतं, मास्तर, त्याच दोन गोष्टींवर पस्तीस वर्षं घर चालवलं बगा.

पहिली नोकरी काळी-पिवळी जीपवर. फुलंब्री ते शहर, मागं लटकायचं आन् हाळी द्यायची, चला एक शीट, चला एकच शीट, लगेच निघाली. गाडीत तीन माणसं असली तरी एकच शीट म्हणायचं, नायतर कुणी बसत नाय. मालक मोठा कडक, तो म्हणायचा रंग्या, गाडी डिझेलवर चालत नसती, भरल्या शिटावर चालती, रिकामी शीट दिसली की माझ्या पोटात कळ येती. त्याच्या पोटातली कळ माझ्या पोटात कधी आली ते कळलं नाय. लग्नाच्या पंगतीत जेवायला बसलो आन् शेजारचं पान रिकामं दिसलं की म्या उभा राहून वरडायचो, आवो या इथं, एक जागा हाय. आमच्या लग्नात सुद्धा, काय सांगू तुम्हाला, बोहल्यावरून वरडलो व्हतो. सासरा म्हणला पोरगं चांगलं हाय पण याला आवरा.

मग ड्रायव्हिंग शिकलो आन् साइटसीनच्या मिनीबसवर लागलो. सकाळी शहरातनं निघायचं, दौलताबादचा किल्ला, खुलताबाद, वेरूळ, येताना मकबरा आन् पाणचक्की. गाइडला वेगळं कोण ठेवतंय, मालक म्हणला तूच बोल. म्या बोललो. लोक विचारायचे चाँद मिनार किती उंच, म्या समोर उभ्या गाडीच्या नंबरातले आकडे सांगायचो, त्यामुळं मिनार रोज कमी-जास्त व्हायचा. एक गोरा साहेब म्हणला हे कैलास लेणं खोदायला इतकी वर्षं का लागली, म्हणलं साहेब, ठेकेदार चोर था. त्यानं वहीत लिहून घेतलं, कसम. किल्ल्याच्या खंदकावर पूल हाय, तिथं माझी खास गोष्ट असायची, की राणीचं माहेर पलीकडं व्हतं, ती रोज सकाळी उठून पलीकडं बघायची, शेवटी राजाला लाज वाटली आन् त्यानं पूल बांधला. बाया लई खूश व्हायच्या. त्यात एक शब्द खरा नाय. पण एका गोष्टीत आपलं इमान पक्कं, शिटा मोजायच्या. सुरुवातीला एकदा एक प्राध्यापक किल्ल्याच्या अंधारीत, त्या काळोख्या भुयारात, राहिले आन् म्या एका बाईच्या मांडीवरचं गाठोडं माणूस म्हणून मोजून वेरूळला पोचलो. तव्हापासून डोकी मोजल्याबिगर गियर टाकला नाय. डोकी म्हणजे पॅसेंजरची. घरचं माणूस मोजायची वेळच येत नसायची.

घर इथंच, पडेगावला, म्हणजे दौलताबादच्या रस्त्यावरच. लग्नाला दोन वर्षं झाली व्हती. आमच्या मंडळीचं नाव सुभद्रा. रोज सकाळी गाडी घरावरून जायची, म्या हॉर्न द्यायचो, ती दारातनं हात करायची. एकदा म्हणली, आवो, सगळ्या जगाला लेणी दाखवता, मला एकदा न्या की. आता ह्यात काय अवघड व्हतं. पण रोजची गाडी भरलेली, उद्या नेतो, पुढच्या हप्त्याला नेतो. मग एक दिवस एक शीट रिकामी राहिली, ड्रायव्हरच्या मागचीच, म्या दारात गाडी थांबवली, म्हणलं चल. ती हिरवं पातळ नेसली, दशम्या बांधून घेतल्या, धावत आली. किल्ल्यावर सगळ्यांच्या पुढं उभी राहून माझं बोलणं ऐकत व्हती, जशी परदेशातनं आली. आन् खाली उतरून सगळे गाडीत बसलो तर एक माणूस उभा, त्याची गाडी बिघडलेली, म्हणतो वेरूळपर्यंत जागा हाय का. आता जागा कुठं व्हती. पण माझ्या पोटात कळ आली. म्या सुभद्राला म्हणलं, उतर, एक शीट भेटली, तू मागून यष्टी येईल तिनं घरी जा. ती उतरली. आरशात दिसली, रस्त्याच्या कडंला, दशम्यांची पिशवी छातीशी धरलेली. संध्याकाळी मालकानं पाठीवर थाप मारली, म्या ती खुशाल घेतली.

त्यानंतर तिनं कव्हा म्हणलं नाय की मला न्या. भांडली असती तर बरं झालं असतं, बाई भांडली की मामला मिटतो. ही भांडली नाय. हॉर्न दिला की हात मात्र करायची, तेवढं सोडलं नाय. म्या म्हणायचो इसरली असंल. माणूस सोयीचं तेच समजतो बगा.

मोतीबिंदू झाला आन् गाडी सुटली. आमची लेक मंगल अहमदाबादला दिली हाय, जावई तिकडं कारखान्यात. ती फोनवर म्हणली, बाबा, इथं गावातनं नदी वाहती, नदीत बोट चालती, आठ-आठ जणांना बसवून फिरवत्यात, दोघं या. म्या म्हणलं आपल्याकडं पण नदी हाय, खाम. मंगल हसली, म्हणली बाबा, तो नाला हाय. सुभद्रानं फोन माझ्या हातातनं घेतला आन् म्हणली, येतो आम्ही. बत्तीस-तेहतीस वर्षांनी म्या तिच्या तोंडून कुठं जायची गोष्ट ऐकली. मग मला म्हणली, पण एक सांगते, तिथं तुम्ही गाइड व्हायचं नाय. माझ्याशेजारी बसायचं आन् गप बसायचं. म्हणलं कसम. नळाला पाणी यायचा दिवस होऊ दिला, पिंपं, बादल्या, तपेली सगळं भरून ठिवलं, आन् निघालो.

नदी लई देखणी हो. दोन्ही काठांना सिमेंटच्या लांबच लांब पायऱ्या, पाण्यावर पतंगासारखा रंगीबेरंगी पायी चालायचा पूल. बोटवाल्याला म्हणलं इतकं पाणी कुठनं आणलं, तर म्हणतो चाचा, ये तो नर्मदा का पानी है, नहर से आता है. म्हणजे नदीलाही दुसऱ्या नदीचं पाणी उसनं. सुभद्रा म्हणली, बगा, आन् आपल्याकडं टँकर. एवढं बोलून ती हसली. लई दिवसांनी हसली व्हती, म्या मनात म्हणलं रंगनाथ, आज जमलं तुझं.

मंगलला बोटीत मळमळतं, ती वर झाडाखाली थांबली. आमची दोन तिकिटं काढून दिलेली. आम्हाला नारंगी जाकिटं चढवली, सुभद्रा पदरावर जाकीट घालून सगळ्यात पुढं, कडंच्या शिटावर बसली. आन् तिच्या चपलेचा अंगठा तुटला. म्हणली, मंगलची चप्पल घालून येते, ही पिशवी माझ्या जागेवर ठेवते, नजर ठेवा. म्हणलं जा, म्या हाय ना. तिचं तिकीट तिच्या मुठीत.

आता ऐका. ती गेली आन् बोटवाला म्हणला, कितने हुए, एक कम है क्या. काय सांगू तुम्हाला, एक कम है. माझे कान उभे राहिले. म्या उठलो. धक्क्यावर एक पांढऱ्या पँटवाला शेठ, गळ्यात कॅमेरा, पुढच्या बोटीची वाट बघत. आन् माझं तोंड आपोआप उघडलं, आवो शेठ, आवो, एकच शीट, लास्ट शीट, लगेच निघाली! शेठ आला. म्या माझ्या ह्या हातानं, ह्याच हातानं, सुभद्राची पिशवी उचलून मांडीवर घेतली आन् त्याला बसवलं. डोकी मोजली, आठ. बोटीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या, चलो, जाने दो! आन् बोट निघाली.

वर आणखी बोलायला लागलो. गुजरातच्या लोकांना गुजरातचा पूल समजावून सांगत व्हतो, बोटवाला माझ्याकडं बघायला लागला, त्याची भाकरी मीच खाल्ली. लोक हसत व्हते, पोटातली कळ गेलेली, लई बरं वाटत व्हतं. बोलून बोलून घसा सुकला म्हणून पाण्याची बाटली काढायला पिशवीत हात घातला. हाताला फडकं लागलं. उघडून बघितलं तर दशम्या. दोघांच्या.

मागं वळून बघितलं. धक्क्यावर ती उभी, पायात मंगलच्या चपला, नारंगी जाकीट, जशी दारात उभी राहायची तशी. फक्त हात केला नाय. म्या वरडलो, भाई, वापस लो, मेरी बायको रह गई! बोटवाला म्हणला चाचा, आपने ही तो बोला जाने दो, अब राउंड पूरा होगा. शेठला कळलं तसा तो बिचारा उठून उभा राहिला, म्हणतो लीजिए, आपकी सीट. आरं बाबा, आता शीट घेऊन काय करू? म्या पिशवी छातीशी धरून बसलो. तव्हा मला कळलं की रस्त्याच्या कडंला उभं राहणं काय असतं. आन् म्या तर बोटीत बसलेलो व्हतो.

परत वळून बघितलं तर धक्क्यावर ती नाय. मोबाइल तिचा पिशवीत, माझ्या मांडीवर. डोक्यात काय काय आलं, पायऱ्या, पाणी, मंगलच्या ढगळ्या चपला. मला पोहता येत नाय, नाहीतर उडी मारली असती असं म्या मंगलला नंतर म्हणलो, सुभद्रा म्हणली खोटं.

आन् समोरनं दुसरी बोट आली. सगळ्यात पुढं कोण? आमची मंडळी. तिकीट मुठीत व्हतं, पुढच्या बोटीत बसवलं तिला. शेजारच्या दोन गुजराती बायांशी अशी बोलत व्हती जशी माहेरची भेटली. दोन्ही बोटी जवळ आल्या तशी तिनं माझ्याकडं बोट दाखवलं आन् काहीतरी म्हणली. सगळी बोट हसली, सगळ्यांनी मला हात केला. तिनं पण केला. म्या दशम्यांचं फडकं हलवलं, दुसरं काय व्हतं हातात.

माझी बोट आधी लागली. धक्क्यावर उभा राहून तोंडात माफी जुळवत व्हतो, पण पस्तीस वर्षं खोटं बोललेल्या माणसाला खरं बोलायचं म्हणलं की शब्द सापडत नाय. ती उतरली. म्या म्हणलं, सुभद्रा, आजचं... आन् किल्ल्याचं पण. तिनं पिशवीकडं बघितलं. म्हणली, दशम्या खाल्ल्या का? म्हणलं नाय. म्हणली, मग चला, अजून एक चक्कर मारू. आता तुम्ही आधी बसा, म्या मोजते.

बसलो. ती शेजारी. जबान बंद. बोट पुलाखाली गेली आन् ती वर बघून मला म्हणली, आवो, हा पूल कसा बांधला ठाऊक हाय का? म्हणलं कसा? म्हणली, राणीचं माहेर पलीकडं व्हतं. रोज सकाळी उठून ती पलीकडं बघायची. शेवटी राजाला लाज वाटली.

शब्दाला शब्द, साहेब. त्या अर्ध्या दिवसातलं, किल्ल्यावरचं. म्या हजारदा बोललो आन् इसरलो, हिनं एकदाच ऐकलं आन् ठिवलं. म्या पाण्याकडं बघत राहिलो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्याला वारा लागला की पाणी येतंच. तिनं दशमी मोडून अर्धी माझ्या हातात दिली.

रस्त्यानं येताना विचारलं, त्या बायांना काय सांगितलंस गं, सगळे हसले ते? म्हणली, सांगितलं, त्यो बगा माझा नवरा. लई दयाळू माणूस, कुणाला पण जागा देतो.

तर आता आमचं बरं चाललंय. सकाळी इथं ओट्यावर बसतो, समोरनं दौलताबादकडं गाड्या जात्यात, कुठली भरलेली, कुठली रिकामी, माझं मोजणं सुटत नाय. मागच्या महिन्यात वेरूळला पण गेलो, यष्टीनं, ती खिडकीपाशी. कैलास बघून म्हणली, हे खोदायला ठेकेदार कोण व्हता? म्हणलं ठाऊक नाय. खरंच ठाऊक नाय.

ही बगा आली चहा घेऊन. काय? व्हय, ती म्हणतीय पाहुण्यांना खुर्चीवर बसू द्या, बाजंची सुतळी टोचती, म्या उभी राहते. नाय नाय साहेब, तुम्ही तिथंच बसा, टोचू द्या थोडी सुतळी. चहा घ्या, सुखी राव्हा, घरी कुणी वाट बघत असंल तर येळंवर जा. ये गं सुभद्रा, बस. तुझी शीट हाय.