चांदणीला टिपण्याबाबत

गल्लीत टेलरमावशी या नावाने ओळख, वय ५६ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार पोलीस ठाण्यामागील गल्ली, दंतवैद्यांच्या घराला लागून.

समक्ष हजर राहून सांगते की, माझी मांजर चांदणी सुखरूप असून तिच्या अंगावर कसलीही जखम नाही. ती माझ्याच दुकानात चिंध्यांच्या पोत्यामागे झोपलेली मिळाली. हवालदारसाहेबांनी तिला स्वतः उचलून पाहिले व खात्री केली. सबब, आज दुपारी दिलेली तक्रार मी मागे घेते.

घरात मी व चांदणी एवढेच राहतो. दंतवैद्य व त्यांच्या सासूबाई रात्री गच्चीवर दुर्बीण लावून आकाशाचे फोटो काढतात, हे मला माहीत होते. चांदणी दुर्बिणीला अंग घासते व काचेवर केस चिकटतात, यावरून आमचे बोलणे बंद होते.

आज दुपारी मी दारात बसून काजे करत असताना गच्चीवरून सासूबाईंचा आवाज आला, "जावईबापू, चांदणी एकदा आड गेली की हाती लागायची नाही. दिसतेय तोवर टिपा." दंतवैद्य म्हणाले की नेम धरला आहे, दुसऱ्या बाजूने बाहेर आली की परत टिपू. वर पाहिले तर कठड्याच्या वर एक नळी रोखलेली. चांदणी सकाळपासून दिसली नव्हती. एवढ्या उन्हात कोणी आकाश पाहत असेल, असे मनात आले नाही. मी गळ्यातली टेप न काढता ठाण्यात आले.

हवालदारसाहेब माझ्यासोबत गच्चीवर आले व त्यांनी नळी खाली वळवली. सासूबाई मटकन बसल्या. मला म्हणाल्या, "बाई, तुमच्या मांजरापायी माझी चांदणी गेली हो."

त्यांची चांदणी म्हणजे शुक्र. आज तो चंद्राआड जाणार होता. मागच्या वेळी ढग आले होते, तेव्हापासून त्या वाट पाहत होत्या.

चंद्र कुठे आहे, असे हवालदारसाहेबांनी विचारले. दंतवैद्य म्हणाले की वर आहेच, उन्हात दिसत नाही. तासाभराने शुक्र पलीकडून बाहेर येईल, पण नेम हलला, आता एवढ्या आभाळात चंद्राची कोर शोधायची कशी. हे ऐकून सासूबाई उठल्या. पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभ्या राहून त्यांनी आभाळ विंचरून काढले व बऱ्याच वेळाने बोट दाखवले. कोर नखाएवढी होती.

दुर्बीण पुन्हा लागली, परंतु उन्हामुळे कॅमेऱ्याच्या पडद्यावर काही दिसेना. मी खाली जाऊन एका वकिलांच्या कोटाचे काळे कापड आणले व कॅमेऱ्यावर धरले. दंतवैद्य व सासूबाई आत शिरले. तपास अपुरा आहे असे सांगून हवालदारसाहेबही शिरले. सासूबाईंनी मला आतून ओढले.

आत चौघांनाही घाम फुटला होता. कोरीच्या कडेवर पांढरा ठिपका फुगला. मी "आली" म्हणाले. दंतवैद्यांनी फोटो काढले. हवालदारसाहेब म्हणाले, "दिवसा तारे दाखवीन, असा दम आम्ही लोकांना देतो. आम्हाला आज पहिल्यांदाच कोणी दाखवले." सासूबाईंनी माझा हात धरला होता, तो जिना उतरेपर्यंत सोडला नाही.

माझी दंतवैद्यांविरुद्ध काही तक्रार नाही. वकिलांना कोट दोन दिवस उशिरा मिळेल, तसे मी त्यांना कळवले आहे.

उद्या चंद्र सूर्यापासून आणखी दूर गेलेला असेल व संध्याकाळी त्यावरचे खड्डे दिसतील, असे सासूबाई म्हणाल्या. फोटोचे बटण मी दाबायचे ठरले आहे. मी उद्या दुकान लवकर बंद करणार आहे.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे. "आली" हा गाळलेला शब्द मी सांगून परत घालून घेतला.