गप्प न होणारं मशीन

तुम्ही हसाल, पण लग्नाला महिना व्हायच्या आतच सासूबाईंच्या आईचं चांदीचं जोडवं मी शेतात हरवलं. ते मला सैल होत होतं, पण नव्या सुनेनं हे सांगायचं कुणाला? शेवटी नवऱ्याचा आतेभाऊ बाळू धातू शोधायचं मशीन घेऊन आला. ते तर पावलापावलावर वाजायलाच लागलं.

"मामा, काळ्या मातीत लोखंडाचा अंश असतो," तो सासऱ्यांना म्हणाला. "जिथं धातू न्हाई तिथं मशीन खालीवर करून आधी त्याला मातीची सवय लावायची. ते गप्प झालं की मग शोधायचं."

सासूबाईंनी लिंबाखालची जागा दाखवली. "हितं कर. मी दोनदा हुडकलंय, हितं काईच न्हाई."

बाळूनं पाच मिनिटं मशीन खालीवर केलं, पण ते काही गप्प होईना.

"मामा, तुमची माती लय खराब हाय."

"आमच्या मातीला नाव ठेवायलास? कापूस बघ की कसा आलाय!"

"मी कापसाचं कुठं म्हणायलो, मामा?"

दोघांची चांगलीच जुंपली. माझा मात्र गोंधळ उडाला. सवय लागली नाही म्हणून हे वाजतंय, की खाली काही आहे म्हणून? सासऱ्यांसमोर विचारायचा धीर होईना. मी गुपचूप खाली बसले आणि मशीनखालची माती बोटांनी उकरली. जोडवं हाताला लागलं.

मी ते वर धरलं. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. सासऱ्यांनी जोडव्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"आता सांग," ते बाळूला म्हणाले, "माती खराब हाय का?"