बागेतला तंबू

आमच्या युटाच्या ट्रिपचं तुम्हाला सांगितलं का? तिथल्या वाळवंटी दऱ्यांमधून जीप चालवायची आणि तंबूत राहायचं, असा माझा बेत. माझी बायको मुग्धा म्हणाली, "आधी इथे झूटरमेरला, घरामागच्या बागेत एक रात्र झोपून दाखव. मग तिकिटं काढू."

झोपलो. सकाळी तंबूतून डोकं बाहेर काढलं, तर शेजारच्या डच आजी, रिया, कुंपणापाशी उभ्या. हळूच म्हणाल्या, "फार मोठं भांडण झालं का?"

वाळवंट, जीप, सराव, सगळं समजावलं. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसेना. सरळ जाऊन त्यांनी आमची बेल वाजवली. मी मागोमाग.

"घे गं त्याला आत," त्या मुग्धाला म्हणाल्या. "मनाने चांगला आहे. मी आजारी होते तेव्हा माझ्या कुत्र्याला रोज फिरवून आणायचा."

आता ही खरं काय ते सांगेल म्हणून मी थांबलो. तर ही गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "तुम्ही म्हणताय म्हणून घेते."

तिकिटं त्याच दुपारी काढली. आजींना कळलं तेव्हा मुग्धाचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "बरं केलंस. अशा वेळी दोघांनीच कुठेतरी जाऊन यावं."