पाहुण्यांच्या मानासाठी दिलेली सुट्टी

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय भगवानआप्पा, मंचावर बसलेल्या महिला मंडळाच्या मंगलाबाई, आमचे कार्यवाह कुंदनभाऊ, जिच्यासाठी आपण जमलो ती सत्कारमूर्ती उज्ज्वलाताई, आणि पहिल्या पाळीतून सुटून थेट इथं आलेल्या, केसांवर अजून सुताची पिंज घेऊन बसलेल्या सुरतेतल्या माझ्या पांडेसऱ्याच्या बंधुभगिनींनो,

खिशात चार पानी भाषण आहे. त्यात मोगरा आहे, समई आहे, चंदनही झिजलंय. ते मी वाचणार नाही. काल एक पत्र आलं, आज त्याचंच सांगणार आहे. आप्पा, हसू नका, खरंच नाही वाचणार.

आपलं हे पाळणाघर लोकवर्गणीवर दिवाळीच्या पुढं तग धरणार नाही, हे आपण सारे जाणतो. आया मागावर, साडीच्या कटिंगला, रंगाच्या मिलमध्ये. आणि त्यांची बत्तीस लेकरं या एका खोलीत, छताच्या कड्यांना टांगलेल्या झोळ्यांत. म्हणून आपण कतारगामच्या एका हिरेवाल्या कुटुंबाच्या फाउंडेशनकडे तीन वर्षं अर्ज केले. लिहिले पाळणाघर सांभाळणाऱ्या उज्ज्वलाताईंनी. दर वर्षी तिथून हेतलबेन नावाच्या बाई पाहणीला यायच्या, आणि महिन्याभरानं पत्र यायचं : आपल्या कार्यास शुभेच्छा. मदत नाही.

असं का होतं? आपण किती तर्क लढवले! आपण परके म्हणून? आपली गुजराती मोडकी म्हणून?

आता पाहणीच्या दिवशी आपण काय करत होतो, ते आठवा. खानदेशी माणसाच्या दारी पाहुणा आला, की काय करू आणि काय नको! मांडव, रांगोळी, शाल, श्रीफळ. झोळ्या सोडायच्या, खोली धुवायची, खुर्च्या मांडायच्या. आणि पाहुण्यांसमोर रडारड नको, नाकं वाहायला नकोत, म्हणून मुलांना त्या दिवशी सुट्टी. सुट्टीचा हुकूम माझा, पाळणाघराच्या अध्यक्षाचा. स्वागताची कविताही माझीच. मी शाळामास्तर; लहानपणी अमळनेराकडच्या कौलारू शाळेत आमचे गुरुजी चालीवर कविता म्हणायचे तेव्हा खिडकीतला कडुलिंबसुद्धा डोलतो असं मला वाटायचं. ते वेड सुटलं नाही. तिसऱ्या वर्षी हेतलबेनांसमोर मी म्हणालो होतो,

इवल्या इवल्या पावलांनी
अंगण अमुचे गजबजले

कुंदनभाऊंनी त्यांना अर्थ सांगितला. त्या इकडं तिकडं बघत म्हणाल्या, "दादा, वो छोटे पाँव किधर हैं?"

मी छाती फुगवून सांगितलं, "आपके सम्मान में छुट्टी दी है!"

टाळ्या पडल्या होत्या. तुम्हीच वाजवल्या होत्या.

नकार आला. आणि मग झालेल्या बैठकीत मी या मुलीला, जिला पालिकेच्या मराठी शाळेत मी पाचवीला शिकवलं, सगळ्यांदेखत म्हणालो, "उज्ज्वला, तुझ्या अर्जात रस नाही. भाव नाही. नुसती मुलांची वयं आणि दुधाची वेळ!"

ती एवढंच म्हणाली, "सर, एकदा पाहुण्यांना मुलांत बसू द्या ना."

"अगं, ते बरं दिसतं का?" मी म्हणालो. तिच्याकडून अर्जाचं काम काढून घेण्याचा ठराव झाला. खाली सही माझी, वळणदार. आठ दिवसांत तिनं राजीनामा दिला. सोमवारपासून ती चलथाणच्या बालवाडीत जाणार. म्हणून हा समारंभ.

मधे, ती राजीनाम्याची मुदत भरत असताना, एक गोष्ट घडली. गेल्या महिन्यात एका मंगळवारी शोभाबाई, आपल्या पाळणाघराची खिचडी रांधणाऱ्या, धापा टाकत माझ्या दारात. "मास्तर, घात व्हयना! ती कतारगामनी पाहुनी उनी, न सांगता! आनि ताई उठनीच नही! तिले भुईवर बसाडं!"

मी हबकलो. पाहुणा दारात आणि यजमानीण बसलेली? टोपी शोधली, हार आणायला कोपऱ्यावर गेलो, पोहोचलो तोवर बाई निघून गेलेल्या. तो हार हातात धरून मी उज्ज्वलाताईंना काय काय बोललो, ते इथं सांगवत नाही. "पाळणाघर बुडवलंस," असंही बोललो.

आता कालचं पत्र. गुजरातीत आहे. कुंदनभाऊंनी वाचून दाखवलं, मी मराठीत सांगतो. सोबत हेतलबेनांनी आपल्या भेटींबद्दल लिहून ठेवलेलं टिपणही आहे. ऐका.

"पहिलं वर्ष : मांडव, हार, शाल. मूल दिसलं नाही. दुसरं वर्ष : तेच, भाषण अधिक लांब. तिसरं वर्ष : अध्यक्षांनी मुलांवर कविता म्हटली. मुलं आमच्या मानासाठी घरी पाठवली होती. चौथ्या वेळी न कळवता गेले. बाई उठल्या नाहीत. मांडीवर तापातलं मूल नुकतंच झोपलं होतं. मीच म्हटलं, ऊठशो नहीं, बेन; आणि खाली बसले. दोन तास बसले."

आणि शेवटी : "मदत मंजूर. अट एकच. ज्या बाई उठल्या नाहीत, पाळणाघर त्यांच्याच हाती असावं."

मंडळी, तीन वर्षं मी दाराशी हार घेऊन उभा होतो, आणि दार मीच अडवलं होतं! साठ वर्षं कवितेवर प्रेम केलं, आणि कविता ज्यांच्यावर, त्यांनाच घरी पाठवत राहिलो. रात्रभर विचार केला, सकाळी ठरवलं, निदान आज तरी शहाण्यासारखं वागायचं. मंचावर चढता चढता शोभाबाईंना विचारलं, "आज एवढं सामसूम कसं?"

त्या कौतुकानं म्हणाल्या, "सुट्टी दिनी ना मास्तर! ताईना सत्कार शे!"

वर बघा. झोळ्यांच्या कड्यांना आपण निरोपाचा फलक बांधलाय.

उज्ज्वला, तो ठराव मी सर्वांसमोर मागं घेतो. आप्पा, हरकत नाही ना? आप्पांनी मान डोलावली. तू थांबावंस असं म्हणायचा मला हक्क उरलेला नाही. चलथाणलाही मुलंच आहेत. तू गेलीस, तर ती अट मोडली, मदत गेली, दिवाळीला या खोलीला कुलूप लागेल. तरी तो दोष माझा, तुझा नव्हे, हे मी कतारगामला जाऊन सांगेन. हार न घेता जाईन.

आपण दिवसभर उभं राहून आलात आणि माझं ऐकून घेतलंत, याबद्दल ऋणी आहे. वडीलधाऱ्यांनी बोलण्यातलं अधिकउणं पोटात घालावं. एक चूक मात्र पोटात घालू नका, लक्षात ठेवा.

कुंदनभाऊ शाल घेऊन उभे आहेत, सत्कारमूर्तींना मंचावर बोलावताहेत. थांबा. शेजारीण सांभाळेना म्हणून मागावरच्या मनीषाची धाकटी तेवढी आज इथं आलीय, आणि ती बघा कुठं झोपलीय, उज्ज्वलाच्या मांडीवर.

उठू नकोस, बेटा. मीच खाली येतो.

कुंदनभाऊ, माईक बंद करा. पोर जागी होईल.