उजव्या हाताचं मलम

कुठलं मलम चांगलं, ते मला विचारा. सोरायसिस माझ्या दोन्ही हातांवर होता, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एक मलम डाव्या हाताला लावा, दुसरं उजव्याला. कुठलं लागू पडतंय ते बघू." डाव्या हाताला स्टिरॉइडचं होतं, त्यानं खपल्या भराभर गेल्या. उजव्याचं सौम्य होतं, ते आपलं सावकाश चाललेलं. संक्रांत आली तरी उजवा हात लालच.

हा आजार स्पर्शानं पसरत नाही, पण ते घरोघरी कसं सांगत बसणार? म्हणून गेल्या वर्षी मी धायरीतल्या आमच्या शेजारच्या जोशीकाकूंकडे हळदीकुंकवाला गेलेच नव्हते. यंदा धीर करून गेले. काकूंनी तिळगूळ पुढे केला, तसा मी उजवा हात पदराखाली घेतला आणि डावा पुढे केला.

"तिळगूळ डाव्या हातात घेतात का गं?"

"काकू, उजव्या हाताला अजून उतार नाही."

काकूंनी पदराखालचा हात ओढून घेतला, त्यावर लाडू ठेवला आणि वरून स्वतःचा तळवा दाबून धरला. "गेल्या वर्षी का आली नाहीस?"

"हात फार खराब झाले होते."

"हातांना कोणी बोलावलं होतं? आमंत्रण तुला होतं."